एकाच धमनीचा कोन ५३ की ३३? दुभागणारी रक्तवाहिनी सॉफ्टवेअरनं मोजताना

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या दोघा विद्यार्थ्यांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे पेशंटची नावं काढलेले ३० मानेचे सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या उजळवणारा डाय देऊन केलेले सीटी स्कॅन आहेत. कॅरोटिड धमनी जिथं दुभागते तिथला कोन आणि व्यास ते थ्रीडी स्लायसर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोजतात. पण एकाच माणसाच्या एकाच बाजूचा कोन एकाला ५३ अंश येतो आणि दुसऱ्याला ३३. मूळ नळी आणि तिच्या फांद्या यांच्या जाडीचं नातं सांगणारा मर्रेचा नियमही जुळत नाही. कोणाचं चुकतंय, आणि दुसरं, विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं का?

सॉफ्टवेअर बदलू नका. तुमच्यापैकी कोणाचं चुकलंच असेल असंही नाही. मी १८ वर्षं सोलापुरात सीटी आणि एमआरआय वाचते आणि त्यातली बरीच वर्षं रक्तवाहिन्यांची मापं घेण्यात गेली आहेत. तुम्हाला पडलेला प्रश्न मलाही पडला होता, आणि उत्तर प्रोग्रॅममध्ये नव्हतं, आम्ही ठरवलेल्या व्याख्येत होतं. खरं तर आम्ही व्याख्या ठरवलीच नव्हती.

आधी स्वतःच्या मानेला हात लावा. कंठमण्याच्या शेजारी ठोका लागतो ती सामान्य कॅरोटिड. साधारण थायरॉइड कूर्चेच्या वरच्या कडेच्या पातळीला तिला दोन फाटे फुटतात: आतली कॅरोटिड मेंदूकडे जाते, बाहेरची चेहऱ्याकडे. आतलीच्या सुरुवातीला फुगवटा असतो, त्याला आम्ही बल्ब म्हणतो. हे दोन फाटे काटकोनाच्या पट्टीसारखे सरळ जात नाहीत. सुरुवातीला एकमेकींपासून फाकतात आणि थोडं वर गेल्यावर जवळजवळ समांतर होतात. तुमचे २० अंश नेमके इथेच हरवले आहेत.

कागदावर करून बघा. दुभागापासून ५ मिमी वर दोन्ही फांद्यांच्या मध्यरेषा एकमेकींपासून ५ मिमी दूर आहेत समजा. म्हणजे प्रत्येक फांदी उभ्या रेषेपासून अडीच मिमी बाजूला आहे, आणि कोन येतो ५३ अंश. आता त्याच फांद्यांवर १५ मिमी उंचीला जा. मधलं अंतर वाढून ९ मिमी झालं आहे, प्रत्येकी साडेचार. कोन येतो ३३ अंश. माणूस तोच, धमनी तीच, आणि दोघांची मापंही अचूक. एकानं कोनाचे हात आखूड धरले, दुसऱ्यानं लांब. सात रस्त्याच्या चौकात उभं राहून दोन रस्त्यांमधला कोन सांगायचा झाला, तर चौकातून एक उत्तर येईल आणि पुढच्या सिग्नलवरून मागं वळून पाहिलं तर दुसरं.

तुम्ही कोन स्लायसरच्या अँगल मार्कअपनं तीन ठिपके ठेवून मोजला असणार, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. त्यात आणखी एक घोळ असतो. ठिपके त्रिमितीत मध्यरेषेवर बसले नसतील आणि पडद्यावर दिसणाऱ्या चित्रावरून तुम्ही ते ठेवले असतील, तर तुम्ही कोनाची सावली मोजताय. समजा खरा कोन ६० अंश आहे. दोन्ही फांद्यांचं प्रतल तुमच्या नजरेला ४५ अंश तिरकं असेल, तर पडद्यावर तो ४४ अंश दिसतो. डोकं थोडं वळवून झोपलेल्या पेशंटमध्ये हे हमखास होतं. डोकं वळलं की दुभागाची ठेवणही थोडी बदलते, म्हणून स्कॅनच्या वेळी मान सरळ होती का, हेही तक्त्यात लिहून ठेवा.

मग हात किती लांब धरायचे? मिलिमीटरमध्ये ठरवू नका. धडधाकट पुरुषाच्या जाड धमनीत १० मिमी हे अंतर दुभागाच्या अगदी लगतचं असतं, आणि एखाद्या बारीक बाईच्या धमनीत ते बरंच पुढचं. हे अंतर धमनीच्या स्वतःच्या जाडीतच मोजायला हवं. हा विचार ज्यांनी नीट सूत्रात बांधला ते लुका अँटिगा आणि डेव्हिड स्टाइनमन. तेव्हा एक इटलीत बर्गामोच्या मारियो नेग्री संस्थेत होते, दुसरे कॅनडात. दुभागणाऱ्या वाहिन्यांचे भाग कसे पाडायचे यावरचं त्यांचं काम २००४ साली प्रसिद्ध झालं, आणि त्यातूनच पुढं व्हीएमटीके हा रक्तवाहिन्या मोजण्याच्या प्रोग्रॅमचा मुक्त संच सगळ्यांना वापरायला मिळाला. तुमच्या स्लायसरमध्येही तो एक्स्टेन्शन म्हणून बसवता येतो.

त्याची युक्ती समजून घ्या, म्हणजे आकडे आंधळेपणानं घ्यावे लागणार नाहीत. नळीच्या पोकळीत मावेल तेवढा मोठा चेंडू घाला आणि तो नळीभर फिरवा. चेंडूंच्या केंद्रांतून जाणारी वाट म्हणजे मध्यरेषा, आणि चेंडूची त्रिज्या म्हणजे त्या ठिकाणची वाहिनीची त्रिज्या. सामान्य कॅरोटिडमधून आतल्या फांदीकडे एक मध्यरेषा जाते, बाहेरच्या फांदीकडे दुसरी. खाली दोघी एकाच नळीत असतात. जिथं एक रेषा दुसरीच्या नळीतून बाहेर पडते ती जागा प्रोग्रॅम स्वतः हुडकतो. तिथून एक चेंडू, म्हणजे चेंडूच्या त्रिज्येइतकं अंतर, मागं आणि पुढं जाऊन तो दुभागाचा केंद्रबिंदू, त्याचं प्रतल आणि प्रत्येक फांदीची दिशा ठरवतो. दुभाग कुठं सुरू झाला याबद्दल दोन माणसांचं मत वेगळं पडायला इथं जागाच राहत नाही. कोनही तो दोन भागांत देतो: प्रतलातला आणि प्रतलाबाहेरचा. दुसरा भाग फेकून देऊ नका. ती फांदी पुढं किंवा मागं किती कलली आहे ते त्यातून कळतं.

स्लायसरमधलं एक्स्ट्रॅक्ट सेंटरलाइन मॉड्यूल तुम्हाला मध्यरेषा, लांबी, वक्रता आणि नागमोडीपणा देईल. दुभागाचे कोन मात्र व्हीएमटीकेच्या स्वतंत्र स्क्रिप्टमधून काढावे लागतात. एक खबरदारी घ्या. स्लायसर आणि डायकॉम (स्कॅनच्या फाइलींचा ठरलेला प्रकार) यांच्या अक्षांच्या दिशा वेगळ्या असतात. फाइल इकडून तिकडे नेताना हे विसरलात तर कोन तोच राहील, पण डावी बाजू उजवी होऊन बसेल. यकृताच्या बाजूसारखी ठळक खूण मानेत नसते, त्यामुळं ही चूक तशीच राहून जाते. प्रत्येक केसमध्ये एकदा मूळ चित्राशी ताडून बघा.

आता जिथं खरी मेहनत आहे तिकडे येते. मध्यरेषा काढणं हे शेवटच्या पाच मिनिटांचं काम आहे. त्याआधीचा तास सेगमेंटेशनला, म्हणजे चित्रातून धमनीची पोकळी वेगळी काढायला जातो, आणि माप चांगलं की वाईट हे तिथंच ठरतं.

४ मिमीची धमनी आणि अर्ध्या मिलिमीटरचा व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमिती चित्राचा सर्वात लहान चौकोनी ठोकळा घ्या. व्यासावर आठच चौकोन मावतात. दोन्ही कडांना अर्धा-अर्धा चौकोन कमी धरला, तर व्यास साडेतीन झाला. व्यासात साडेबारा टक्के फरक पडला, आणि छेदाच्या क्षेत्रफळात २३ टक्के. ही गफलत होते थ्रेशोल्डच्या, म्हणजे किती उजळ ते धमनीत धरायचं त्या मर्यादेच्या, एका चुकीच्या आकड्यानं. सगळ्या ३० केसना एकच थ्रेशोल्ड लावला असेल तर ते काम पुन्हा करावं लागेल, हे मी स्पष्टच सांगते. कारण डाय प्रत्येकात सारखा भरत नाही. एकात पोकळी ३०० हाउन्सफील्ड (सीटीतल्या उजळपणाचं एकक) उजळते आणि शेजारचा स्नायू ६० ला असतो, तर कडेची रेषा त्यांच्या मध्यावर, १८० ला पडते. दुसऱ्यात पोकळी ४५० असेल तर हीच रेषा २५५ वर जाते. तिथंही १८० ठेवलंत तर धमनी फुगलेली मिळेल. म्हणून प्रत्येक केसमध्ये दुभागाच्या खाली, सामान्य कॅरोटिडच्या मधोमध एक लहान गोल ठेवून सरासरी घ्या, शेजारच्या स्नायूची घ्या, आणि दोघांचा मध्य वापरा.

मग कॅल्शियम येतं. साठीच्या पुढच्या पेशंटमध्ये दुभागावर चुन्याचे खडे बरेचदा असतात. ते डायपेक्षाही उजळ, त्यामुळं थ्रेशोल्ड त्यांना पोकळीतच गिळतो. वरची मर्यादा लावली की खडा जातो, पण त्याची साल मागं राहते. कडेचे व्हॉक्सेल अर्धे कॅल्शियम आणि अर्धे मऊ ऊती असे मिसळलेले असतात आणि नेमके डायच्या उजळपणाचे दिसतात. ही साल एकेका कापावर बसून हातानं खोडावी लागते. खडा पोकळीच्या निम्म्याहून जास्त घेर व्यापत असेल, तर मी ती केस व्यासाच्या मापातून वगळते. पण हा नियम मोजायला बसण्याआधी लिहून ठेवते. माप पाहिल्यावर केस वगळली तर तो अभ्यास राहत नाही.

शेजारची जुग्युलर शीर हाही नेहमीचा त्रास. स्कॅन थोडा उशिरा सुरू झाला की शीरही उजळते आणि धमनीला चिकटून एकच गोळा तयार होतो. स्लायसरच्या ग्रो फ्रॉम सीड्स या साधनात शिरेला वेगळं बी द्या, म्हणजे ती बाजूला होते. तिसरी गोष्ट, बाहेरच्या कॅरोटिडची पहिली शाखा, थायरॉइडकडे जाणारी. काहींमध्ये ती थेट दुभागावरूनच निघते, आणि मग प्रोग्रॅमला दोनाऐवजी तीन फाटे दिसतात. आतली कोणती आणि बाहेरची कोणती असा संभ्रम पडला तर एवढं लक्षात ठेवा: आतल्या कॅरोटिडला मानेत फांदी नसते. जिला फांद्या फुटताना दिसतात ती बाहेरची.

पृष्ठभाग गुळगुळीत करताना हात आवरा. साध्या स्मूदिंगनं नळी आकसते, बारीक फांदी जास्तच. आधीचं आणि नंतरचं घनफळ दोन्ही बघा. तोबिन पद्धतीनं आकसणं कमी होतं.

व्यासाबद्दल. स्लायसरच्या क्रॉस-सेक्शन अॅनालिसिसमध्ये व्यासाचे दोन प्रकार दिसतील: एक आत मावणाऱ्या चेंडूचा, दुसरा तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा. निरोगी गोल धमनीत दोन्ही जवळपास सारखे येतात. पण प्लाकनं (भिंतीत साठलेल्या चरबीच्या थरानं) दाबलेली, ६ बाय ४ मिमीची लंबगोल पोकळी असेल तर चेंडू सांगेल ४ आणि क्षेत्रफळ सांगेल ४.९. प्रबंधात नुसतं 'व्यास' लिहू नका, कोणता ते लिहा. आणि छेद मध्यरेषेला काटकोनातच घ्या. सीटीच्या आडव्या कापावरच मोजलं, तर ४५ अंश तिरक्या जाणाऱ्या धमनीचं क्षेत्रफळ ४१ टक्क्यांनी वाढून दिसतं.

व्यास कुठं घ्यायचा? हेही चेंडूंमध्येच. सामान्य कॅरोटिडवर तीन चेंडू खाली, आतल्या फांदीवर पाच चेंडू वर, बाहेरच्या फांदीवर दोन चेंडू वर, असा एक रूढ संकेत आहे. पाच यासाठी की तोवर बल्ब मागं पडलेला असतो. बाहेरचीवर दोनच, कारण तिला लवकर फांद्या फुटतात.

मोजायची जागा एवढी महत्त्वाची का, हे डॉक्टरांच्या जगात अरुंदपणाच्या टक्क्यांवरून लक्षात येतं. सर्वात अरुंद जागी पोकळी २ मिमी आहे. वरची निरोगी आतली कॅरोटिड ५ मिमी, आणि त्या जागी मुळात बल्ब ८ मिमीचा असावा असा अंदाज. उत्तर अमेरिकेतल्या नॅसेट पद्धतीत वरच्या निरोगी भागाशी तुलना करतात, म्हणून अरुंदपणा ६० टक्के. युरोपातल्या पद्धतीत मूळ बल्बशी तुलना होते, म्हणून ७५ टक्के. नॅसेट या पेशंटवरच्या मोठ्या अभ्यासाचे १९९१ सालचे निष्कर्ष ७० टक्क्यांच्या पुढच्या अरुंदपणात शस्त्रक्रियेचा ठळक फायदा दाखवतात. बघा, त्याच धमनीचा एक आकडा रेषेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे. पद्धतीचं नाव न लिहिलेला टक्का मी रिपोर्टमध्ये जाऊ देत नाही. आणि तुमची स्लायसरची मापं संशोधनापुरतीच ठेवा. कुठल्याही पेशंटच्या उपचाराचा निर्णय त्यावरून होता कामा नये.

मर्रेचा नियम. सेसिल मर्रे यांनी १९२६ साली मांडलेला हिशेब असा: नळी अरुंद केली तर रक्त ढकलायला जास्त शक्ती लागते, रुंद केली तर जास्त रक्त सांभाळायला शक्ती लागते, आणि दोन्हींची बेरीज कमीत कमी असते तेव्हा मूळ नळीच्या त्रिज्येचा घन हा फांद्यांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेइतका असतो. ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. उजनीच्या कालव्यातून वितरिका आणि वितरिकेतून चाऱ्या काढताना प्रत्येकीची रुंदी कोणीतरी हिशेबानंच ठरवलेली असते. पण मर्रेंचा हिशेब संथ, एकसारख्या वाहणाऱ्या प्रवाहाचा आहे. तो बारीक धमन्यांत चांगला बसतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला लाट घेऊन येणाऱ्या कॅरोटिडसारख्या मोठ्या नळीत घातांक तीनपेक्षा कमी येतो.

समजा मूळ ६.४ मिमी, आतली ५, बाहेरची ४. फांद्यांच्या घनांची बेरीज १८९, मूळचा घन २६२. जुळत नाही. आता वर्ग घ्या: २५ आणि १६ मिळून ४१, आणि मूळचा वर्गही ४१. म्हणजे क्षेत्रफळ जपलं गेलंय. तेव्हा नियम जुळला नाही म्हणून आकडे टाकून देऊ नका, तुमच्या ३० केसमध्ये घातांक किती निघतो ते काढा. पण आधी मापं तपासा, कारण घन चुकीला मोठं करतो: व्यास १० टक्के कमी आला तर घन २७ टक्क्यांनी कमी येतो. आतलीचं माप बल्बवर घेतलं असेल तर बेरीज मूळच्याही वर जाईल. हृदयाच्या कॉरोनरीत काम करणारे फिने यांचं सूत्र वापरतात, फांद्यांच्या व्यासांची बेरीज गुणिले ०.६७८. ३ आणि अडीच मिमीच्या फांद्यांना ते ३.७३ मिमीची मूळ नळी देतं आणि मर्रे ३.४९ देतात. स्टेंटची मापं पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या पायऱ्यांनी येतात, तेव्हा हा फरक क्षुल्लक नाही.

हा कोन कशासाठी मोजायचा, असं तुम्हाला व्हायव्हात विचारतील. धमनीची ठेवणच आजाराची जोखीम ठरवत असेल का, हा प्रश्न संशोधक मॉर्टन फ्रीडमन यांनी १९८३ सालीच मांडला होता. बल्बच्या बाहेरच्या भिंतीला रक्त मंद होतं, तिथं घर्षण कमी असतं, आणि प्लाकही बहुतेकदा तिथंच साठतं. दुभागाचा कोन आणि बल्बचा फुगवटा त्या मंद पट्ट्याचा आकार बदलतात. म्हणून तुमचं काम महत्त्वाचं आहे, आणि म्हणूनच ते घाईत उरकू नका.

सगळ्या केसना हात लावण्याआधी एक प्रयोग करा. ठिबकच्या दुकानातून मायक्रोट्यूब आणि तिचा जोड आणा. डाळिंबाच्या पट्ट्यात ते कुठंही मिळतं. नळ्यांचा आतला व्यास व्हर्नियर कॅलिपरनं मोजा, कोन कोनमापकानं. तुमच्या गाइड डॉक्टरांनी मशीनवर वेळ दिली तर पाणी मिसळलेला डाय भरून, पाण्याच्या डब्यात बुडवून त्याच प्रोटोकॉलनं स्कॅन करा. नाही दिली तर संगणकावरच माहीत असलेल्या कोनाच्या दोन नळ्या रचा, व्हॉक्सेलमध्ये बदला, थोडा गोंगाट मिसळा, आणि तिथून पुढची सगळी प्रक्रिया चालवा. खरं उत्तर हातात असताना तुमची पद्धत किती चुकते ते तेव्हाच कळतं. मग १० केस दोघांनी वेगवेगळ्या, सेगमेंटेशनपासून, एकमेकांचे आकडे न बघता मोजा, आणि १५ दिवसांनी त्याच केस पुन्हा. नुसता सहसंबंध गुणांक देऊ नका. एक माणूस प्रत्येक वेळी ५ अंश जास्त मोजत असेल तरी तो गुणांक सुरेख येतो. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांच्या पद्धतीनं दोघांच्या मापांतला फरक सरासरीसमोर मांडा.

आणि सगळ्यात आधी, आजच, प्रत्येक केसच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या स्कॅनच्या माहितीत, कापाची जाडी वाचा. सुरुवातीच्या एका कामात आम्ही दोन ठिकाणचे स्कॅन एकत्र केले होते. एका ठिकाणचे १ मिमीचे, दुसऱ्याचे ३ मिमीचे, आणि आम्हाला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या गटात बाहेरच्या फांद्या जाड निघत होत्या. दोन महिने आम्ही त्याचं कारण वयात आणि रक्तदाबात शोधलं. शेवटी आमच्या रेडिओग्राफरनं हेडर उघडून जाडी दाखवली, आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं. पेशंटला देतात त्या सीडीत बरेचदा फिल्मसाठी केलेले जाड काप असतात. तुमच्या ३० मध्ये ५ मिमीचे काप निघाले, तर त्यांतून दुभागाचा कोन काढत बसू नका. स्कॅन झालेल्या ठिकाणी पातळ काप साठवलेले आहेत का विचारा. यापुढं येणाऱ्या केससाठी रेडिओग्राफरना आधीच सांगून ठेवा, कारण ज्या कच्च्या डेटातून पातळ काप पुन्हा काढता येतात तो मशीनवर थोडेच दिवस राहतो आणि मग त्यावर पुढच्या पेशंटचा डेटा लिहिला जातो.